होटगी रोडवर परगावचा मुक्काम

बाळाबाईंचे विमान गोव्याहून सोलापुरात अगदी वेळेवर उतरले, आणि अडचणींना तिथूनच सुरुवात झाली.

त्यांचा धाकटा मुलगा युवराज गोव्यात नोकरीला. त्याच्याकडे महिनाभर राहून बाळाबाई मुंबईला निघाल्या होत्या. तिथे लेकीकडची नात आरोही बाळंत झालेली. उद्या दुपारी बारसे. पणतूचे तोंड बघितले की पणजीच्या डोक्यावर सोन्याची फुले उधळतात, आणि हे डोके आपण त्यासाठीच इतकी वर्षे शाबूत ठेवले आहे, असे त्या गोव्यातल्या शेजारणींना रोज ऐकवत. शेजारणींना भाषा कळत नसे, पण दरारा कळे. गुडघ्यांनी बस आणि रेल्वेला केव्हाच नकार दिलेला, म्हणून विमान. युवराजने शोधून शोधून तिकीट काढले ते गोवा ते मुंबई, व्हाया सोलापूर. मध्ये सोलापुरात उद्या सकाळपर्यंत थांबा, हॉटेल कंपनीतर्फे.

आता सोलापूर म्हणजे बाळाबाईंचे स्वतःचे गाव. विमानतळापासून घर इतके जवळ, की रिक्षावाला तोंड वाकडे करी.

"बरं, मी घरी जाती. उद्या सकाळी येती," असे म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

काउंटरवरच्या सृष्टी नावाच्या मुलीने कंपनीने शिकवलेले हसू हसत त्यांना अडवले. "आजी, आपण संक्रमण प्रवासी, म्हणजे ट्रान्झिट पॅसेंजर आहात. संक्रमण प्रवासी स्वगृही गेल्यास त्याचा प्रवास पूर्ण झाला, असं सिस्टिम धरते. पुढचं तिकीट आपोआप रद्द."

"आणि मी घरी गेले हे तुमच्या सिस्टिमला कोण सांगणार?"

"हॉटेल. तिथं आपली हजेरी लागली नाही की कळतं."

"म्हंजे माझ्या थोरल्या सुनंवर गेलीया की तुमची सिस्टिम. बोलत काय न्हाय, पण ध्यान सगळं!"

कंपनीच्या गाडीने त्यांना होटगी रोडवरच्या हॉटेलात आणून सोडले. व्यवस्थापक प्रभुलिंग यांनी आधार कार्ड उलटसुलट पाहिले आणि गंभीर झाले.

"आज्जी, पत्ता सोलापूरचा आहे. लोकल आयडीवर आम्ही खोली देत नाही."

"का म्हणून?"

"गावातला माणूस गावातच हॉटेलात राहतो, म्हणजे काहीतरी भानगड असणार."

"आरं, वय बघ की माझं! ह्या गुडघ्यांवर कसली भानगड करू मी?"

नियमात गुडघ्यांचा उल्लेख नाही, असे प्रभुलिंग यांनी खेदाने कळवले.

"बरं मग माहेरचा पत्ता लिव्ह. केम गावची हाय मी."

"पुरावा?"

"मी काय मेले व्हय? समोर बसलीया की!"

"आज्जी, बाईचं माहेर सिस्टिमला दिसत नाही."

बाळाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "घरी गेले तर इमान न्हाय. घर हाय म्हणून हितं खोली न्हाय. मग ऱ्हाऊ कुटं, धावपट्टीवर?"

प्रभुलिंग यांनी विमानतळावर फोन करून खात्री करून घेतली. धावपट्टीवर वास्तव्याची तरतूद नव्हती. मात्र एक पोटनियम सापडला. ज्या स्थानिक व्यक्तीला स्वतःच्या घरात राहायला जागा नाही, तिला खोली देता येत होती. अट एकच: घरच्यांनी तसे फोनवर, स्पीकर लावून, चारचौघांसमक्ष सांगायला हवे. चारचौघे हजर होतेच. संध्याकाळी फिरायला निघून एसीच्या गारव्यात विसावणारे तीन-चार म्हातारे लॉबीत रोजच बसत.

"एवढंच व्हय? लाव की."

फोन थोरले चिरंजीव आबासाहेब यांनी उचलला. साठीला टेकलेले, अजून आईच्या धाकात.

"आपल्या मातोश्रींना राहायला आपल्या घरी जागा आहे का?"

"हे काय इचारणं झालं? हाय की! अख्खं घर तिचंच हाय."

बाळाबाईंचा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी खोली गेली. प्रभुलिंग यांनी आधार कार्ड परत केले.

"आरं मुडद्या, न्हाय म्हण! पणतूचं तोंड बघायचंय मला!"

"आई? तू हितंच हायस? न्हाय कसं म्हणू गं? लोकं तोंडात शेण घालतील." आबासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा आईचा शब्द मोडला, तोही नेमका हा.

"विजयमालाला दे फोन. विजे, हे साहेब इचारतील त्याला सरळ न्हाय म्हणायचं. कळलं?"

प्रश्न पुन्हा विचारण्यात आला. पलीकडे थोरल्या सुनेने घसा साफ केला.

"सासूबाईंना जागा? साहेब, सैपाकघर त्यांचं, कपाट त्यांचं, झोपाळा त्यांचा, टीव्हीवर काय लावायचं ते बी त्यांचं. त्या महिनाभर गोव्याला गेल्या, तवा मला कळलं की आमच्या घराला खिडक्या बी हायत. जागा न्हाय ती आमाला!"

प्रभुलिंग यांनी खोलीची किल्ली काढली. "घरात जागा नसल्याचं सिद्ध झालं. कुणाला नाही, ते सिस्टिम विचारत नाही."

"ऐकलंस?" बाळाबाई म्हणाल्या. "लगीन होऊन आल्यापास्नं कधी चकार शब्द न्हाय, आन् बोलली ती स्पीकरवर!" पण विमान वाचले होते. सोन्याची फुले पक्की झाली होती. त्या किल्ली घेऊन, मान ताठ ठेवून वर गेल्या आणि गार खोलीत बराच वेळ पलंगाच्या अगदी कडेला बसून राहिल्या, दुसऱ्याच्या घरी बसावे तशा.

चहाला खाली आल्या, तर काउंटरसमोर रांग. सगळ्यात पुढे लॉबीतले शिवयोगी मास्तर.

"खोल्या संपल्यात, सर," प्रभुलिंग सांगत होते.

"खोली कुणाला हवीय? विमानही नको. तेवढा एक फोन लाव घरी. स्पीकरवर."

"पण कशासाठी?"

"नुसतं ऐकायचंय."

रांग दारातून बाहेर, फाटकापर्यंत गेली होती. पांढरी डोकी, काठ्या, श्रवणयंत्रे. बाळाबाईंनी कप खाली ठेवला आणि रांगेचा ताबा घेतला. "धक्काबुक्की करू नगा. न्हाय म्हणलं तर हितं रडायचं न्हाय. हाय म्हणलं तर गप घरी जायचं, पुन्यांदा इचारायचं न्हाय!"

रांग अद्याप संपलेली नाही. होटगी रोडवरून अनोळखी नंबर आल्यास कृपया उचलावा. उत्तर 'आहे' किंवा 'नाही' एवढेच द्यावे. 'जरा घरात विचारून सांगतो' या उत्तराची नोंद 'नाही' अशी करण्यात येते.