कबुतरवाल्याची लिंक

"इंटरनेटच्या अंधारात ज्याची नजर मांजरासारखी, नाक कुत्र्यासारखं आणि स्मरणशक्ती हत्तीसारखी चालते, असा या शहरातला एकमेव लिंक-गुप्तहेर," असं स्वतःचं वर्णन भाऊजींनी टाइप करायला सांगितलं, तेव्हा वहिनींनी एवढंच विचारलं, "यात माणसाचं काही घालायचं का?"

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वहिनींचं जुनं ऑफिस बंद पडलं आणि घरात बसून कंटाळा आला, म्हणून त्या भाऊजींच्या कचेरीत मदतनीस झाल्या. कचेरी म्हणजे दातांच्या दवाखान्याला चिकटून असलेली एक खोली. भिंतीपलीकडून दिवसभर दात कोरल्याचा आवाज यायचा आणि भाऊजी आलेल्या माणसाला सांगायचे, "आमची यंत्रणा चालू आहे." वहिनींचं काम फोन उचलण्याचं. तो वाजत नसल्यामुळे त्या तो पुसायच्या.

भाऊजींचा धंदा सांगायला सोपा होता. एका वेबसाइटने आपल्या पानावर दुसरीचा पत्ता दिला, की त्याला लिंक म्हणायचं. चांगल्या लिंका असल्या, की आपलं दुकान सर्चमध्ये वर दिसतं, असं म्हणतात. कुठली लिंक चांगली आणि कुठली फुकाची, हे ओळखण्यासाठी भाऊजी स्क्रीनला भिंग लावून बसत. काचेवर त्यांच्या नाकाचे ठसे उमटत. वहिनी ते पुसत, आणि पुरावे नष्ट केल्याबद्दल बोलणी खात.

एके दिवशी गाल सुजलेल्या एक बाई आत आल्या. "डॉक्टर आहेत का?"

"मी डॉक्टरपेक्षा खोल जातो," भाऊजी म्हणाले.

बाई घाबरून मागे सरकल्या. वहिनींनी त्यांना खुर्ची दिली, शेजारचं दार दाखवलं आणि हे कशाचं ऑफिस आहे तेही सांगितलं. लिंक हा शब्द ऐकताच बाई गाल धरून तिथेच बसल्या. "मग दात राहू दे. आधी माझ्या लिंकांचं बघा. त्या जास्त ठणकतायत."

बाई शिलाई मशीन दुरुस्त करायच्या. लेकीने दुकानाची वेबसाइट करून दिली होती, पण कितीतरी दिवस तिकडे कुत्रंही फिरकलं नाही. दुकान सोडते, असा निरोपसुद्धा त्यांनी जागेच्या मालकाला दिला होता. आणि मग अचानक फोन यायला लागले. मशीनं यायला लागली. निरोप परत घेतला. तेवढ्यात टाय लावलेला एक माणूस दुकानात आला आणि म्हणाला, बाई, तुम्हाला लिंका दिल्यात कोणी? बाहुल्या शिवणाऱ्या एका आजीने, एका हौशी नाटकमंडळीने आणि एका कबुतरवाल्याने. असल्या चिल्लर साइटच्या लिंका म्हणजे विष. सर्चवाले शिक्षा करतील. त्या काढा आणि आमच्या मोठमोठ्या साइटच्या लिंका घ्या. सवलत फक्त शनिवारपर्यंत.

"खरं काय ते मला सांगा," बाई म्हणाल्या. "पुन्हा दुकान सोडायचा निरोप द्यायची माझ्यात ताकद नाही."

भाऊजींनी डोळे मिटले. विचार करताना ते डोळे मिटत. विचार आणि झोप यांतला फरक वहिनींना घोरण्यावरून कळे. या वेळी विचार होता.

"टायवाला बरोबर आहे," बाई गेल्यावर ते म्हणाले. "छोट्या साइटची लिंक म्हणजे मुंगीची शिफारस. मुंगीने चिठ्ठी दिली म्हणून हत्तीला कोणी नोकरी देतं का?"

"हत्तीला नोकरी कशाला हवी?"

"वहिनी, माझी लिंक तुटली." त्यांनी भिंग उचललं आणि तिन्ही साइट उघडल्या. तिन्हींवर पिवळ्या रंगावर हिरवी अक्षरं होती. "हे बघा! तीन माणसांची आवड एकाच वेळी इतकी वाईट असू शकत नाही. ही एकच टोळी आहे."

"आपल्या बैठकीच्या खोलीतले पडदेही असेच आहेत."

"ते मी निवडलेत."

"तेच म्हणते मी."

भाऊजींनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांचं भिंग कबुतरवाल्याच्या पानावर थबकलं होतं. "बाहुलीला झगा लागतो. नाटकाला कपडे लागतात. पण कबुतराला काय शिवायचं असतं? ऐका, काय लिहिलंय. 'पांढरी बसली. ठिपकेवाला रुसलाय. फळी बसवायची राहिलीय.' ही सांकेतिक भाषा आहे! पांढरी म्हणजे चोरीची मोटार. बसली म्हणजे बंद पडली. ठिपकेवाला म्हणजे टोळीतला तोंडावर व्रण असलेला माणूस."

"आणि फळी?"

"फळी म्हणजे फळी. सगळंच सांकेतिक केलं, तर त्यांना तरी कसं कळणार?"

त्याच दुपारी भाऊजींनी तिघांना खरमरीत मेल पाठवली: लिंक ताबडतोब काढा, नाहीतर परिणामांना तयार राहा.

"आधी बाईंना विचारायला नको?" वहिनी म्हणाल्या.

"ऑपरेशन चालू असताना पेशंटला विचारत बसतात का?"

भिंतीपलीकडून कोणीतरी जोरात ओरडलं.

"विचारावं बहुतेक," वहिनी म्हणाल्या.

नाटकमंडळींनी मुकाट्याने लिंक काढली. आजींचं उत्तर आलं: 'चुकलं रे बाळा. रागावू नकोस. काढली बघ. बाईंचं भलं होवो.' वहिनींनी ते दोनदा वाचलं. विष घालणारी माणसं असं लिहीत नाहीत, एवढं त्यांना भिंगाशिवाय दिसत होतं. कबुतरवाल्याचं मात्र उत्तरच आलं नाही. भाऊजींच्या मते तो भूमिगत झाला होता.

आणि बाईंचा फोन वाजायचा थांबला. आठवड्यातच त्या पुन्हा आल्या, तेव्हा गालावरची सूज उतरली होती आणि चेहराही उतरला होता. नवीन मशीन एकही आलं नव्हतं.

"विष उतरतंय," भाऊजी म्हणाले. "थोडा अशक्तपणा येणारच."

"दुकानाला अशक्तपणा परवडत नाही हो. शनिवार परवावर आलाय. घेऊनच टाकते त्या टायवाल्याच्या लिंका."

बाई जिना उतरून गेल्या. त्यांची पावलं ऐकत वहिनी उभ्या राहिल्या. मग त्यांनी पर्स उचलली. "भाऊजी, चला. कबुतरवाल्याकडे."

"समोरासमोर? धोका आहे."

"मग मी एकटी जाते."

एकटी म्हटल्यावर भाऊजींचा नाइलाज झाला. पण वेषांतर केल्याशिवाय यायला ते तयार होईनात. कबुतरांचे व्यापारी वाटावं, म्हणून त्यांनी कोटाचे दोन्ही खिसे मक्याच्या दाण्यांनी भरले.

कबुतरवाले एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सापडले. हातात हातोडी, तोंडात खिळे. ते खरंच फळी बसवत होते. भाऊजींनी खोल आवाजात "पांढरी कशी आहे?" असं विचारलं आणि परवलीचा शब्द वापरल्याच्या थाटात एक डोळा मिचकावला.

"पांढरी बसलीय अंड्यांवर," खिळे काढून कबुतरवाले म्हणाले. "डोळ्यात काही गेलं का तुमच्या?"

तेवढ्यात ठिपकेवाल्याला मक्याचा वास लागला. तो भाऊजींच्या खांद्यावर उतरला आणि त्याने बाकीच्यांना बातमी दिली. पुढची काही मिनिटं भाऊजींचे फक्त बूट दिसत होते.

वहिनींनी ती संधी साधली. "काका, तुमच्या पानावर मशीनवाल्या बाईंची लिंक आहे. का हो दिलीत?"

"का म्हणजे? शर्यतीला नेताना टोपल्यांवर कापडी झाकणं लागतात. ती मी घरीच शिवतो. आईच्या वेळचं मशीन बंद पडलं. ज्याला दाखवलं, तो म्हणाला भंगारात घाला. त्या बाईंनी समोर बसवून चालू करून दिलं. मग आमच्या मंडळातला जो तो मला विचारायला लागला, कुठे दुरुस्त केलंत? पत्ता सांगून सांगून घसा बसला माझा. म्हणून तिथे टाकला एकदाचा."

"पैसे घेतलेत?"

"पत्ता सांगायचे?" काकांना प्रश्नच कळला नाही.

"वहिनी!" पिसांच्या ढिगाऱ्यातून आवाज आला. "म्होरक्या कबूल झाला का?"

"झाला!" वहिनी ओरडून म्हणाल्या. "आणि काका, लिंक काढायची मेल आली होती ना तुम्हाला?"

"मेल मी उघडत नाही. सगळ्या जाहिरातीच असतात."

काकांना कचेरीचं कार्ड देऊन जिना उतरता उतरता वहिनींनी आजींना फोन लावला. तिकडेही तेच. बाहुलीच्या झग्याला बारीक टाके लागतात, मशीन सारखा धागा तोडत होतं, बाईंनी दुरुस्त केलं, पान वाचणाऱ्या मैत्रिणींनी पत्ता मागितला. "मी आपला दुवा दिला होता गं," आजी म्हणाल्या.

"कुठला दुवा?" शेजारून भाऊजींनी विचारलं. "लिंकवाला की आशीर्वादवाला?"

वहिनींनी फोनवर हात ठेवला. "आजींनी वेगवेगळे ठेवलेले नाहीत."

कचेरीत आल्यावर त्यांनी टायवाल्याच्या मोठमोठ्या साइट उघडल्या. एकाच पानावर टकलावरचं तेल, जहाजाचे सुटे भाग आणि परीक्षेत हमखास पास व्हायचा उपाय होता. ज्याच्या घरी मशीन अडलंय, असा माणूस इथे कशाला येईल? आजींचे वाचक मूठभर असतील, पण प्रत्येकीच्या घरात मशीन होतं. वहिनी खाली खाली गेल्या. तेल आणि जहाज यांच्या मधोमध एक ओळखीचं नाव दिसलं.

"भाऊजी, ही आपल्याच कचेरीची लिंक ना? तुम्हीही घेतल्यात टायवाल्याकडून?"

भाऊजी कोटावरचं पांढरं पुसत होते. ते आणखी जोरात पुसायला लागले. "तो तपासाचा भाग होता."

वहिनींनी सर्चमध्ये कचेरीचं नाव घातलं. शेजारच्या दवाखान्याचा पत्ता आला. "आपण कुठेच दिसत नाही."

"गुप्तहेर दिसला, तर गुप्त कसला?"

"मग तुम्ही फारच यशस्वी आहात."

भाऊजींनी भिंग ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. कबुतरांनी केलं नव्हतं एवढं त्या वाक्याने केलं. मग ते हळूच म्हणाले, "माफीची मेल लिहा. आजींना आणि नाटकवाल्यांना. माझ्या नावाने."

"सही गुप्तहेर म्हणून करू?"

"नुसतं नाव टाका."

लिंका त्याच संध्याकाळी परत लागल्या. नाटकवाल्यांनी तर बाईंच्या दुकानाचा फोटोही टाकला. शनिवारी टायवाला आला, तेव्हा बाईंनी त्याला एकच विचारलं, "तुमच्या साइट वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे मशीन आहे का?" तो म्हणाला, "मशीन कशाला हवं? लिंक आहे ना!" बाईंनी त्याला पाणी दिलं आणि दार दाखवलं.

सर्चमध्ये त्या हळूहळू पुन्हा वर आल्या. त्याचं खरं कारण सर्चवाल्यांनाच ठाऊक. पण फोन वाजायला लागला, आणि उचलला की पलीकडून "कबुतरवाल्या काकांनी सांगितलं" किंवा "आजींच्या पानावर वाचलं" असं ऐकू यायचं. भाऊजींनी बाईंना अहवाल दिला, त्यात पहिलंच वाक्य होतं: 'छोट्या साइटबद्दल मला सुरुवातीपासूनच आदर होता.' वहिनींनी ते टाइप केलं. घरचं माणूस होतं, शेवटी.

पुढच्या आठवड्यात वहिनी फोन पुसत असताना तो हातातच वाजला. त्या दचकल्या. भाऊजी खुर्चीतून उठून उभे राहिले.

"हॅलो, लिंक-गुप्तहेर ना?" पलीकडचा माणूस घाईत होता. "कबुतरवाल्या काकांच्या पानावर तुमची लिंक बघितली. त्यांनी लिहिलंय, माणूस जरा चक्रम आहे, पण कबुतरं आपण होऊन त्याच्या अंगावर येतात. माझं एक कालपासून परतलं नाही हो. शोधून द्याल का?"

वहिनींनी शब्दन् शब्द भाऊजींना सांगितला. भाऊजींनी छाती पुढे काढली. "त्यांना सांगा, मी इंटरनेटवरचे गहन गुन्हे उकलतो. पाखरं पकडणं हे माझं काम नव्हे."

वहिनींनी फोन कानाला लावला आणि तोंड उघडलं.

"थांबा," भाऊजी म्हणाले. "रंग कुठला, ते विचारून घ्या." आणि ते मक्याचे दाणे शोधायला लागले.