डिंगोऱ्यावरचा नकली हल्ला

घरी पावणे येणार म्हटलं की आपले फुटके कप फळीमागं जातात आणि शेजारचे बशीसकट येतात. देशाची सुरक्षा याच तत्त्वावर उभी आहे.

डिंगोऱ्याच्या दूध संस्थेचे चेअरमन सावळेराम मोठे चोखंदळ. बेल्ह्याच्या बाजारात बैलाचे दात पाहिल्याशिवाय त्यांचा हात खिशाकडं जायचा नाही. असा चेअरमन मिळायला गावाचं नशीब लागतं. अशात वरून फर्मान आलं, की प्रत्येक संस्थेनं सायबर हल्ल्याची रंगीत तालीम करावी. नापास संस्थेचं दूध घेतलं जाणार नाही.

पद्धत शास्त्रशुद्ध होती. पुण्याचे साहेब संस्थेच्या संगणकाची हुबेहूब नक्कल लॅपटॉपात उतरवणार, तिच्यावर खोटा व्हायरस सोडणार आणि भगदाड कुठं पडतं ते बघणार. त्यासाठी संगणकात कुठली विंडोज आहे एवढंच त्यांना पाहायचं होतं.

संस्थेतली विंडोज सेवानिवृत्त होऊन जमाना झालेला (पेन्शन नाही, अपडेटही नाहीत). सावळेरामांनी हिशेब मांडला. नापास झालो तर गावाचं दूध ओतायचं कुठं? त्यांनी तडक शाळेतला नवाकोरा संगणक उसना आणला, त्याला हार घातला आणि जुना पेंडीच्या पोत्यांमागं सरकवला.

"अवो चेअरमन, पण दूध मोजायचं मशिन जुन्यालाच जोडलंय की," ऑपरेटर प्रतीक्षा म्हणाली.

"पोरी, बघायला पावणं आलं की पोरगी दाखवायची, का तिची आजी?"

साहेबांनी हारवाल्या संगणकाची नक्कल केली. हल्ला सपशेल फसला. शंभरपैकी शंभर गुण मिळाले (हाराचे वेगळे नाहीत). प्रमाणपत्र भिंतीवर चढलं, पेढे वाटले गेले आणि उसना संगणक वाजतगाजत शाळेत परत गेला.

महिन्याभरात खरा व्हायरस आला. त्यानं प्रमाणपत्र वाचलंच नाही, थेट पेंडीमागं गेला. मशिन बंद, म्हणून नोंद नाही; नोंद नाही, म्हणून टँकर दूध घेईना. ऊन चढलं. रांगेत पुढं केशरबाई होत्या.

"सावळेराम, दूध नासाया लागलंय रं!"

"काकी, आपण पास हाय. ह्यो हल्ला नियमात बसत न्हाई."

केशरबाईंनी किटली गटारात ओतली आणि पदर डोळ्याला लावला. सावळेरामांना लई वाईट वाटलं. त्यांनी प्रमाणपत्रावरची धूळ पुसली.

हसताय होय? परवा तुमचा फोन 'अपडेट करा' म्हणाला, तेव्हा 'नंतर' दाबून तो तुम्ही कुठल्या पोत्यामागं सरकवलात?