नववं कलम

बँकेत बावीस वर्षं पत्रं लिहिल्यामुळे आपल्याला ठरावही लिहिता येईल, असा माझा समज होता. आमच्या सईच्या शाळेत देशोदेशींची नकली परिषद भरणार होती. मुलांनी एकेक देश व्हायचं, ठराव मांडायचा, मतं मिळवायची. सईच्या वाट्याला समुद्रात बुडत चाललेलं एक बेट आलं. मी ऐटीत लिहून दिलं, 'सर्व देशांनी यथायोग्य सहकार्य करावे.'

"पापा, ये तो रिजेक्ट होगा," म्हणत ती कागद घेऊन समोरच्या गुरुजींकडे गेली.

आमच्या या हिंदी मुलखातल्या गावात, ब्रह्मा घाटावरचे हे मराठी गुरुजी चाळीस वर्षं यात्रेकरूंना पूजेआधीचा संकल्प सांगत आलेत. संकल्पात स्थळ, काळ, नाव, गोत्र, हेतू, सगळं यावं लागतं. ती सवय त्यांच्या बोलण्यात शिरली आहे. चहासुद्धा ते "आज मंगळवारी, तुमच्या ओट्यावर, मी, अर्धा कप, बिनसाखरेचा" असा मागतात. भाजीवाला "कल लाएँगे" म्हणाला की यांचं सुरू, "कल कितने बजे? और लाएगा कौन?"

माझं वाक्य त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "सर्व म्हणजे कोण? करावे म्हणजे कधीपर्यंत? कुणी लिहिलं हे?"

"पापांनी."

"तरीच बँकेत उद्या या म्हणतात."

तीन संध्याकाळी दोघं बसली. आधी कशाची चिंता वाटते ते. मग कोणता देश, किती माणसं, कोणत्या महिन्यापर्यंत घेणार. आठ कलमं झाली. नववं गुरुजींनी आपणहून सांगितलं : जे म्हातारे बेट सोडणार नाहीत, त्यांच्याकडे त्यांच्या मुलांना वर्षातून एकदा, पंधरा दिवस, सरकारने नेऊन पोचवावे.

"गुरुजी, इसका बजट?"

"तू लिही, बाळ."

शनिवारी सई धावतच आली. ठराव मंजूर. गुरुजी ओट्यावर बसूनच होते.

"नऊच्या नऊ?"

ती घुटमळली. "आठ. बडे देश अड गए. नववं काढा म्हणाले. वोट कमी पडत होते."

गुरुजींनी कागदाची नीट घडी करून तिला परत दिली. "बरोबर केलंस. बेटावरची माणसं तर वाचली." आणि जिना चढून गेले.

गुरुजी घरी एकटेच. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. सहा वर्षं फोनवर "बघू, जमवतो" म्हणतोय. त्याला मात्र गुरुजी तारीख विचारत नाहीत.

मी बायकोला सईच्या वाटाघाटी रंगवून सांगत होतो. ती वह्या तपासत होती.

"एवढे देश जमवलेत," ती मान वर न करता म्हणाली, "पण गुरुजी आज जेवले का, ते कुणी विचारलं?"