कडुनिंबाखालून सुटणारी लंगडी

"इकडे लक्ष द्या. कडुनिंबाखालून सुटणारी लंगडी आज थोडी उशिरा सुटेल. प्रवाशांनी गडबड करू नये. चपला ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर सोडाव्यात."

तुम्हाला वाटेल, बाईंना ऊन लागलं. सोलापुरात तेही होतं म्हणा. पण हा पुकारा खरा आहे. आमच्या कॉलनीतले कंट्रोलर काका रोज संध्याकाळी तो करतात. नाव सिद्रामप्पा. जन्मभर बसस्टँडवर कंट्रोलर होते, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचे. रिटायर झाले तेव्हा माइक तिथंच ठेवून आले आणि आवाज तेवढा घरी आणला. आता त्या आवाजावर कॉलनीतल्या पोरांचे खेळ चालतात.

मी तळमजल्यावर दहावीच्या मुलांना बीजगणित शिकवते आणि माझी खिडकी नेमकी मैदानावर उघडते. मी फळ्यावर समीकरण मांडावं आणि बाहेरून यावं, "लगोरी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." लगेच माझी दहावीची घोडी माना वर करतात. कसं शिकवायचं, तुम्हीच सांगा.

काकांचं सगळंच स्टँडच्या भाषेत. जे लहान पोर खेळतं पण आउट होत नाही, त्याला आपण कच्चा लिंबू म्हणतो. काका म्हणतात अर्धं तिकीट. गुडघा फुटला की गाडी डेपोत जाते. लपंडाव चालू असताना कुणी गुपचूप घरी जाऊन आंबा खाऊन आलं, तर काका त्याला अडवतात. "कुटं गेलतास बे? ही विनाथांबा हाय. मधी उतरायचं न्हाय."

रविवारी आईबापांनाही खाली ओढतात. ती जादा गाडी. एकदा माझ्या नवऱ्याला लंगडी घालायला लावली. दोन उड्यांत गडी खाली बसला. काकांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "तळमजल्याची गाडी रस्त्यात बंद पडलेली आहे." पुढं कितीतरी दिवस पोरं ह्यांना जिन्यात गाठून विचारायची, "काका, धक्का मारू का?"

खोटं कशाला सांगू, मला राग यायचा तसा कधीकधी भुलायलाही व्हायचं. उन्हाळ्यात दिवस कलला तरी भिंती तापलेल्याच असतात. मग कुठून तरी वारा सुटतो, कडुनिंबाचा बारीक मोहोर झरत राहतो, पोरांच्या केसांत जाऊन बसतो. मैदानावर धूळ उठते आणि त्या पिवळ्या धुळीत पोरं एका पायावर तरंगत असतात. वर तो संथ, लांबवर जाणारा आवाज. मला वाटायचं, आता खरंच एखादी गाडी येऊन लागेल आणि आपण तिच्यात बसून, जिथं परीक्षा नसतात अशा गावाला जाऊ. मग भानावर यायची, स्वतःवरच चिडायची आणि खिडकी लावून घ्यायची.

गेल्या उन्हाळ्यात काकांचा घसा बसला. साधा नाही, पार बसला. काका कडुनिंबाखाली उभं राहून लाल पंचा हलवायचे. पोरं बिचारी त्या पंच्यावर खेळायची. मी मात्र खुशीत. एवढी शांतता, की अख्खं प्रकरण शिकवून झालं. पण एकदोन दिवसांत तीच शांतता खायला उठली. शेवटी ज्येष्ठमधाच्या कांड्या घेतल्या आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांच्याकडं गेले.

काकांनी दार उघडलं आणि नुसती मान हलवून आत घेतलं. गॅलरीत शांतव्वा काकू बसल्या होत्या. त्यांना बरं नसतं, एवढंच आम्हाला ठाऊक. समोर भाकरी तशीच पडलेली. दोन्ही हातांनी गज धरून त्या खाली बघत होत्या.

"गाड्या बंद हैत का?" त्यांनी मला विचारलं. "हे घरीच आले न्हाईत."

मी काकांकडं बघितलं. काका शेजारीच उभे होते. काकूंनी मला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "आणि हे पावणे कवापासून हितंच हैत. कोण हैत, जरा इचारा की."

काका मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. घसा खरवडत, थांबत थांबत त्यांनी सांगितलं, "आमचं क्वार्टर स्टँडच्या मागंच होतं, बाई. मी ड्युटीवर असलो तरी माझा आवाज दिवसभर घरात असायचा. आता माझं तोंड विसरली ती. बोलतो त्यो आवाज बी विसरली. फलाटावरचा तेवढा राहिलाय. खालनं पुकारलं की तिला कळतं, नवरा ड्युटीवर हाय. मग भाकरी खाती."

"मग घरातच पुकारा करायचा होता," मी म्हटलं.

"केला की. लई घाबरली. म्हणाली, ह्यो माणूस माझ्या घरात येऊन कशाला ओरडूलालाय?" काका हसले. मग भांड्यांकडं बघत म्हणाले, "आवाज परत आला न्हाय तर मी तिचा कोणच न्हाय, बाई."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बीजगणित सकाळी ढकललं. पोरांनी मनात काय म्हटलं असेल ते असो. संध्याकाळी काका खाली गेले की मी काकूंपाशी बसायची. काकू एखादा घास खायच्या आणि पुन्हा खाली बघायच्या. खाली पंचा हलत राहायचा. असे बरेच दिवस गेले.

मग एका संध्याकाळी वारा पडलेला असताना खालून आधी खोकला आला, आणि मग चिरकलेला, अर्धा फाटलेला पुकारा. "इकडे... लक्ष द्या."

काकूंचा हात गजावरून सुटला. पदर नीट करत त्या म्हणाल्या, "बंद्रु." कानडीत, आले. आणि त्यांनी भाकरी मोडून घेतली. खाली लंगडी सुटली, लगोरी सुटली, अर्ध्या तिकिटांचा दंगा झाला. काकू शांतपणे जेवत होत्या.

अंधार पडायला काका वर आले. घामानं भिजलेले, उंबऱ्यातच थांबले. काकूंनी त्यांच्याकडं बघितलं. आज चेहरा प्रसन्न होता.

"या की," त्या म्हणाल्या. "बसा. आमचे हे येतीलच एवढ्यात. आत्ताच आवाज आला."

"बसतो की," काका म्हणाले, आणि स्वतःची वाट बघत त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "लई उशीर करतात का हो ते?"

"न्हाय," काकू म्हणाल्या. "उशीर होणार असला की आधी सांगतात ते."