एक इंचही कमी नको!

सोनपेठात साडी नेसावी तर मीच, असं माझं ठाम मत आहे! शाळेतल्या माझ्या पोरींना विचारा. काठपदर, चापूनचोपून निऱ्या आणि आत मी, खात्यापित्या घरची, ऐसपैस. पण भगवानरावांच्या साडी दुकानात जावं तर कॅलेंडरवर, खोक्यांवर, जिथं तिथं काडीसारख्या बाया! तीच साडी घरी नेसून आरशात पाहिली की वाटायचं, साडी चुकली का मीच चुकले? लय वाटायचं हो, एकदा तरी आपल्यासारखी बाई ऐटीत उभी दिसावी.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी भगवानरावांनी दुकानाच्या दाराशेजारची चिंचोळी भिंत रंगवायला काढली. मी म्हटलं, "माझं चित्र काढा. गिऱ्हाईक नाही वाढलं तर नाव बदलीन!"

"काढू की, बाई. तुमी म्हनाल तसं."

पेंटर पंडित आजवर फक्त 'येथे थुंकू नये' लिहीत आला होता. त्याला मी बजावलं, "मला बारीक करायचं नाही. जशीच्या तशी काढ. एक इंचही कमी नको!"

"बिनघोर ऱ्हावा, बाई!" त्यानं बायकोला टेप घेऊन पाठवलं आणि माझी मापं घेववली. मी इतकी खुशीत होते की मला शंकाच आली नाही.

बाजाराच्या दिवशी पाहायला गेले तर काय! चेहरा माझाच, हिरवी साडी झकास. पण मापानं काढलेली मी त्या भिंतीत मावलेच नव्हते. कमरेवर ठेवलेल्या हाताचा कोपर शेजारच्या सूर्यभानच्या भिंतीवर गेला होता. सूर्यभान विकतो गुरांची सरकी पेंड. कोपराखाली त्याची जुनी जाहिरात: 'आमची पेंड चारा, अंग भरेल!'

"पंडित! हे काय?"

"तुमीच म्हनल्या, एक इंच कमी न्हाई. मंग कोपर कुठं ठिवू, मह्या घरी?"

तेवढ्यात पेंड न्यायला आलेला आश्रुबा भिंत निरखून ओरडला, "सूर्यभान, हिला किती दिस चारली रं?"

अख्खा बाजार हसला. मी खांबाआड सरकले आणि मनात म्हटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण तिथं तरी मावायला हवं ना!

मग बाजाराला आलेली पोखर्णीची कडूबाई भिंतीसमोर थांबली. अंगानं थेट माझ्याएवढी. बघतच राहिली.

"अगं बया! ही तर आपल्यावानी हाय! अन् किती देखणी दिसायलीय!" तिनं चित्रातल्यासारखा कमरेवर हात ठेवला. "मालक, मला हीच हिरवी दाखवा."

खांबाआड मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी भगवानराव म्हणाले, "बाई, साड्या खपल्या, पर लोक हसायलेत. दुकानाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"हसू द्या हो! पुसू नका, पाया पडते!"

कोण ऐकतंय! पंडितनं दुपारभरात मला दोन्ही बाजूंनी घासून काडी केली. कोपराकडे वळला तसा सूर्यभान धावून आला, "मह्या भिंतीला ब्रश लावून तर बघ! लय पेंड खपायलीय!"

आता भगवानरावांच्या भिंतीवर एक काडीसारखी बाई उभी आहे आणि पलीकडे, कुणाचाच नसल्यासारखा, एक भरदार कोपर. परभणीची एसटी तिथूनच जाते आणि मी अजून कोपराच्या बाजूची खिडकी धरते. कुणी विचारलंच तर सांगते, पेंडीचा भाव बघायलेय!