सोमवारचं मागणं

"मागायचं तर नीट सांगून माग, बाय. मोघम मागितलंस तर मोघमच मिळतं. आणि नवस फिटेपर्यंत कुणाजवळ तोंड उघडू नको."

वसईला विहिरीवर चादरी पिळताना आय हे बोलली होती. पुढे आय गेली, विहीरही बुजवली, आणि इतक्या वर्षांनी बहरीनमध्ये, जुफैरच्या फ्लॅटमध्ये, एसीच्या घरघरीत रोझरी म्हणताना सिल्व्हियाला ते शब्द लख्ख ऐकू आले. चहाआधी रोझरी हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. गेली तीन वर्षं त्या नेमाच्या शेवटी "कामिलच्या टीमचं भलं कर, माउली" एवढंच ती म्हणत आली होती, आणि टीम हरत आली होती. त्या सोमवारी मात्र तिनं नीट सांगून मागितलं. येत्या शुक्रवारी, हूरा हॉक्सविरुद्ध, जुफैर पर्ल्सला जिंकू दे. जिंकले तर घरापासून मनामाच्या चर्चपर्यंत अनवाणी चालत येईन.

एवढं झाल्यावर तिला आपण फार मागितल्यासारखं वाटलं, म्हणून तिनं हळूच जोडलं, "एका गोलनं चालेल."

कामिल, म्हणजे तिचा नवरा, पर्ल्स या हॉकी टीमचा मॅनेजर होता आणि नवे खेळाडू हेरून आणायचं कामही त्याच्याकडेच होतं. लीग लहान पण पगारी. नियम असा की नवे खेळाडू कुणीही हेरले तरी सगळ्यांची नावं एकत्र यायची, आणि गेल्या हंगामात जी टीम शेवटची आली तिनं पहिली निवड करायची. दुबळ्यांना हात मिळावा म्हणून केलेला नियम. पर्ल्स इतके दुबळे होते की सलग तीन वर्षं पहिली निवड त्यांचीच होती, आणि तिन्ही वेळा कामिलनं माती खाल्ली होती.

पहिल्या वर्षी त्यानं व्हिडिओ पाहून एक सेंटर फॉरवर्ड घेतला. पोरगा विमानातून उतरल्यावर कळलं की व्हिडिओ त्याच्या थोरल्या भावाचा होता. दुसऱ्या वर्षीचा धिप्पाड फुलबॅक ऑगस्टमध्ये आला, विमानतळाच्या दारातून बाहेर पडला, बहरीनची हवा त्याच्या तोंडावर आली, आणि तो परत आत गेला. तिसऱ्या वर्षी कामिलनं शहाणपणानं स्वतः जाऊन गोलकीपर निवडला. गोलकीपर खरोखर उत्तम होता. पण कामिलनं त्याला पाहिलं भर दुपारी, आणि लीगचे सामने होतात लाइटखाली. लाइट लागले की त्याला एकाचे दोन बॉल दिसायचे, आणि तो इमानदारीनं दुसरा अडवायचा.

यंदा नावेद होता. सखीरजवळ पाण्याचा टँकर चालवायचा आणि सुटीच्या दिवशी उघड्या मैदानावर खेळायचा. त्याचा पेनल्टी कॉर्नर पाहून कामिल मैदानाच्या कडेला मटकन बसला होता. या वेळी त्यानं काही शिल्लक ठेवलं नाही. नावेदला उन्हात खेळवलं, लाइटखाली खेळवलं, शेवटी त्याचं आयडी कार्ड मागून घेऊन फोटोशी चेहराही जुळवला. फक्त एक गोष्ट त्याच्या हातात नव्हती. मैदानाच्या पलीकडच्या कडेला हॉक्सचा माणूसही मटकन बसला होता.

सिल्व्हियाला यातलं निम्मं ठाऊक होतं. उरलेलं बुधवारी कळलं. टीमचे मालक जयप्रकाश साहेब घरी आले होते. पुण्याचे, मनामात कोल्ड स्टोरेजवाले. ती स्वयंपाकघरात मैद्याचे फुगे तळत होती आणि दार लोटलेलं होतं.

"कामिल, शुक्रवारी आपल्याला हरायचंय."

"ते आपल्याला जमतं, सर."

"मस्करी नको. शेवटची मॅच, आणि तळाला आपण नि हॉक्स, पॉइंट दोघांचेही सारखे. जो हरेल तो शेवटचा. जो शेवटचा, त्याला नावेद. हॉक्सनाही हे कळतं. त्यांचे तीन चांगले खेळाडू कालपासून आजारी आहेत."

"मग आपले चार आजारी पाडतो."

"पोरांना काही सांगायचं नाही, कुणीतरी बोलेल. तू फक्त टीम अशी निवड की..."

"की तीन वर्षं निवडली तशी."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांचा आवाज खाली आला. "नावेद आला तर स्पॉन्सर अजून एक वर्ष थांबतोय. नाहीतर टीम खलास. टीम गेली की तुझा व्हिसा मी कशावर ठेवू?"

कढईतले फुगे काळे झाले. कामिलच्या व्हिसावर सिल्व्हिया होती आणि त्यांची लेक ग्लेनिस होती. ग्लेनिस नुकतीच बारावीत गेली होती. एकच वर्ष हवं होतं, आणि ते वर्ष आता टीमच्या हरण्यावर टांगलेलं होतं. आणि सोमवारी पहाटे सिल्व्हियानं वार आणि समोरच्या टीमचं नाव सांगून नेमकं उलटं मागून ठेवलं होतं. कामिलला सांगायची सोय नव्हती. नवस फिटेपर्यंत बोलायचा नसतो.

ती शेजारच्या पूर्णिमाकडे गेली. पूर्णिमा शेंगा निवडत होती.

"तुमच्यात बोललेला नवस मागे घेता येतो का गं?"

"मागे? आमच्यात उशिरा फेडतात. माझ्या सासूबाई धाकट्या लेकाच्या, चिरागच्या मुंजीचं बोलल्या होत्या, ते त्याच्या लग्नात फेडलं. पण मागे घेतलेला नाही बाई ऐकला. काय मागितलंस?"

"सांगता येत नाही."

"मग पूर्ण झाला तरी पंचाईत आणि नाही झाला तरी पंचाईत, असंच काहीतरी असणार." पूर्णिमानं तिच्याकडे नीट पाहिलं. "बस. पाणी पी."

गुरुवारी संध्याकाळी चर्चमधल्या मिस्सानंतर सिल्व्हियानं फादरना गाठलं. कुणी एक बाई आहे, म्हणाली. तिनं मदर मेरीकडे काही मागितलं, आणि आता ते न मिळालेलंच बरं, असं झालंय. फादर केरळचे, मोठे प्रेमळ. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"डोन्ट वरी, सिस्टर. शी नेव्हर फर्गेट्स."

सिल्व्हियाला नेमकी तीच भीती होती.

शुक्रवारी पहाटे आयुष्यात पहिल्यांदा तिनं रोझरी म्हटली नाही. उगाच आठवण नको. घरातल्या ऑल्टरसमोरून जातानासुद्धा ती पाहुण्यांची झोप मोडू नये अशी चालली. संध्याकाळी मैदानावर ती ग्लेनिसशेजारी बसली ती दोन्ही तळवे गुडघ्यांवर उघडे ठेवून. हात जोडले जाऊ नयेत म्हणून.

"मम्मा, आर यू ओके?"

"मला काही बोलू नको. मी काही मागत नाहीये."

कामिलनं टीम मन लावून निवडली होती. गोलमध्ये तो दोन बॉल दिसणारा. आणि सेंटर फॉरवर्ड म्हणून सॅव्हिओ. सॅव्हिओ हा वसईचाच, वयानं चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला. टीमच्या स्टिक दुरुस्त करायचा, जर्सी धुवायचा, आणि व्हिसाच्या सोयीसाठी त्याचं नाव खेळाडू म्हणून लागलं होतं. बेंचवर पाण्याच्या बाटल्या भरण्यापलीकडे तो मैदानाच्या वाटेला गेला नव्हता. नाव पुकारल्यावर तो कामिलजवळ आला आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तू मला विसरला नाहीस, कामिल." कामिलनं नजर खाली घातली.

सामना सुरू झाला, आणि पाहणाऱ्यांना वाटलं की बॉल तापलेला असावा, कारण तो कुणालाच नको होता. पर्ल्सनी हॉक्सना दिला, हॉक्सनी परत केला. मग हॉक्सच्या डिफेंडरनं वेळ न घालवता आपल्याच गोलमध्ये बॉल ढकलला. अंपायरनं मान हलवली. गोलपुढच्या सर्कलमध्ये समोरच्या टीमच्या कुणाची तरी स्टिक लागल्याशिवाय गोल धरत नाहीत. डिफेंडरनं मान डोलावली. त्याला आता काय करायचं ते कळलं होतं. आणि सर्कलमध्ये समोरच्या टीमचा एकच माणूस होता. सॅव्हिओ दोन धावांत दमून, म्हाताऱ्यानं काठीवर टेकावं तसा स्टिकवर टेकून उभा होता. डिफेंडरनं बेतानं नेम धरला. बॉल सॅव्हिओच्या स्टिकला लागला आणि गोलमध्ये गेला.

हॉक्सनी एकमेकांना मिठ्या मारल्या. सॅव्हिओला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाचे लोक. तो गुडघ्यांवर बसून रडू लागला.

कामिलनं उरलेल्या वेळात माणसाला करता येईल ते सगळं केलं. गोलकीपरच बाहेर काढला. रिकाम्या गोलसमोर हॉक्सचा फॉरवर्ड बॉल घेऊन आला, गोलकडे पाहिलं, आणि घोटा धरून आडवा झाला. त्याला कुणी शिवलंही नव्हतं. शिट्टी वाजली. जुफैर पर्ल्सनी हंगामातला पहिला सामना जिंकला होता, एका गोलनं.

सिल्व्हिया आपल्या उघड्या तळव्यांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सॅव्हिओ केक घेऊन घरी आला. केकवर स्टिक काढून आणली होती. "आता टीमला काही होत नाही बघ. पोरांमध्ये जोश आलाय." कामिलनं केक खाल्ला. दोन तुकडे खाल्ले.

खेळाडूंची निवड हूराच्या एका हॉटेलात झाली. नावेद कुणाचा तरी कोट घालून पुढच्या रांगेत बसला होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. हॉक्सनी त्याचं नाव घेतलं तेव्हा तो उठला, आणि आधी सवयीनं कामिलच्या टेबलाकडे दोन पावलं आला. मग कुणीतरी त्याला दंडाला धरून वळवलं. पर्ल्सची पाळी आली तशी कामिल कागद चाळू लागला.

"राहू दे," जयप्रकाश साहेब हळूच म्हणाले. "कुणाला घेऊन कुठे खेळवणार आहेस? स्पॉन्सरचा आत्ताच फोन आला होता. खलास, कामिल. मी जितकं थांबवता येईल तितकं थांबवतो."

घरी कुणी रडलं नाही. ग्लेनिसनं विचारलं, "सो आय डोन्ट फिनिश ट्वेल्थ हिअर?" ती आत गेली आणि थोड्या वेळानं तिच्या खोलीतून पुस्तकं हलवल्याचे आवाज यायला लागले. सॅव्हिओलाही निरोप गेला. त्यानं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गोल तर झाला ना. तो कोण काढून घेणार?"

त्याच आठवड्यात एका पहाटे सिल्व्हिया उठली. रोझरी म्हटली. चहा ठेवला नाही. दारात चपला काढल्या आणि जोडीनं बाजूला सरकवल्या. सोफ्यावर कामिल जागाच होता.

"चपला राहिल्या तुझ्या."

"राहू देत."

त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. तोही वसईचाच होता, अनवाणी पाय कुठे जातात हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

"कसला नवस?"

"आल्यावर सांगते."

"शुक्रवारच्या मॅचचा?"

तिनं माळ मुठीत घेतली.

"एका गोलनं?"

तिनं दाराची कडी काढली. कामिलनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्याचे खांदे हलले. हसतो आहे की काय, हे तिला अंधारात कळेना.

"आणि तीन वर्षं काय करत होतीस?"

"तीन वर्षं मोघम मागत होते."

मग कामिल म्हणाला, "आता जातेच आहेस तर ग्लेनिसच्या वर्षाचं बघ काही. नीट सांगून माग. शाळेचं नाव सांग. आणि आधी मला विचार."

"आधी बोललेलं फेडून येते," ती म्हणाली.

लिफ्टची फरशी गार होती. खाली वॉचमननं तिच्या पायांकडे पाहिलं आणि अदबीनं नजर वळवली. बाहेरचा फुटपाथ कालच्या उन्हानं अजून कोमट होता, आणि थोड्या वेळात तो पोळणार होता. सिल्व्हियानं माळेचा पहिला मणी बोटात धरला आणि काहीही न मागता चालायला लागली.