रसगुल्ल्यांचा सिंहगड

एखादी गोष्ट मी हातात घेतली की ती तडीस जाते, हे आमच्या सदाशिव पेठेतल्या सोसायटीत कुणालाही विचारा. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय मी. शेवटच्या बाकावर झोपणाऱ्या पोरांकडून पानिपतची कारणं पाठ करून घेतलीत. त्यामानाने दिवाळीतली एक स्पर्धा भरवणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा खेळ!

झालं असं की, कॅनडातल्या माझ्या भाचीने, स्पृहाने, एक व्हिडिओ पाठवला. तिच्या ऑफिसातले लोक खाण्याचे पत्र्याचे बंद डबे एकावर एक रचून काहीबाही बनवत होते. देवमासा, विमान, भलामोठा बूट. परीक्षक येतात, बक्षीस देतात आणि मग सगळे डबे गरजूंना वाटून टाकतात. मी व्हिडिओ पाहिला आणि ताडकन उठून बसले.

"अहो, हे आपण करायचं."

आमच्या यजमानांनी, म्हणजे दिगंबरांनी, तोंडासमोरचा पेपर काही खाली केला नाही. "काय, बूट?"

"स्पर्धा. डब्यांची."

"आपल्या घरात असा बंद डबा शेवटचा कधी आला होता?"

"रसगुल्ल्यांचा आला होता की. दोन वर्षांपूर्वी."

"अजून आहे," दिगंबर म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

असल्या शेऱ्यांनी खचणारी मी नव्हे. दर दिवाळीत पार्किंगमध्ये मुलांचे मातीचे किल्ले होतात, ती माती गटारात जाते, गटार तुंबतं आणि आमचे चेअरमन तात्याराव आपल्या गाडीवरचा चिखल महिनाभर सगळ्यांना दाखवत फिरतात. यंदा मातीचं नाव नाही. यंदा डबे. तेही गोडाचेच, म्हणजे नंतर ते थेट शर्मिलाच्या मुलांना देता येतील.

शर्मिला माझी जुनी विद्यार्थिनी. बिबवेवाडीत ऊसतोड कामगारांच्या मुलांचं वसतिगृह चालवते. दिवाळीच्या सुमारास आईबाप तोडणीला निघून जातात. त्यामुळे ज्या सुट्टीत सगळ्या जगातली मुलं घरी असतात, त्या सुट्टीत तिची चाळीस मुलं वसतिगृहातच असतात. मी तिला फोन लावला.

"पहिल्या अंघोळीला तुझ्या मुलांना रसगुल्ले, गुलाबजाम आणि आमरस. माझा शब्द."

"बाई, नक्की ना? एक मंडळ लाडू-चिवड्याची पाकिटं देतो म्हणतंय. मग त्यांना दुसऱ्या संस्थेचं नाव सुचवते."

"सुचव," मी म्हणाले. "अगदी बिनधास्त सुचव."

नियम मी स्वतः लिहिले. कलाकृती वसुबारसेच्या संध्याकाळपर्यंत पूर्ण करावी. धनत्रयोदशीला सकाळी टेंपो येईल, तेव्हा ती सोडवून डबे द्यावेत. याहून सोपं मराठी मला येत नाही. लोक नुसते तुटून पडले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर मला अडवून विचारलं, "ताई, तुमच्या सोसायटीत एकदम किती लग्नं आहेत?" माझ्या डोळ्यांसमोर सतार, समई, हत्ती असं बरंच काही उभं राहत होतं.

वसुबारसेला संध्याकाळी मी परीक्षक म्हणून खाली उतरले. सात स्पर्धक होते. सातांपैकी सहांनी किल्ले केले होते. माझी जरा निराशा झाली, पण आश्चर्य वाटलं नाही. दिवाळीत पुणेकराच्या हातात विटा द्या, पुस्तकं द्या नाहीतर डबे द्या, तो किल्लाच बांधणार. एकट्या दुसऱ्या मजल्यावरच्या पूर्णिमाने नियमातला 'कलाकृती' शब्द मनावर घेऊन मोर केला होता. तो थोडासा बदकाकडे झुकला होता, पण प्रयत्न होता.

किल्ले मात्र बघत राहावेत असे. तिसऱ्या मजल्यावरचा इंद्रजीत पाच दिवस लॅपटॉपवर असतो आणि दोन दिवस कुठल्यातरी गडावर. त्याने आणि त्याच्या लेकीने, ओवीने, रसगुल्ल्यांच्या डब्यांचा सिंहगड उभारला होता.

"काकू, प्रॉपर स्केलमध्ये आहे," इंद्रजीत म्हणाला. "हा पुणे दरवाजा, हा कल्याण दरवाजा, हा कडा. अँगलसुद्धा ॲक्युरेट आहे."

तात्यारावांनी आमरसाच्या डब्यांचा पिवळाधमक रायगड केला होता. प्रत्येक किल्ल्यावर हळीव उगवलेलं, पायथ्याशी मावळे, आणि सगळ्यांत वर सिंहासनावर महाराजांची मूर्ती. पहिलं बक्षीस मी सिंहगडाला दिलं. आयोजक आणि परीक्षक एकच असल्यामुळे वाद झाला नाही.

धनत्रयोदशीला सकाळी सीतारामचा टेंपो आमच्या गल्लीत येऊन उभा राहिला. मी पदर खोचला.

"चला, सोडवायला घ्या."

"काय सोडवायला घ्या?" तात्यारावांनी विचारलं.

"किल्ले."

"आज? ताई, दिवाळी आत्ता कुठे सुरू होतेय. ऐन दिवाळीत किल्ला पाडतात का कुठे? निदान तुळशीच्या लग्नापर्यंत तरी तो राहतो."

"नियमात स्पष्ट लिहिलं होतं, कलाकृती सोडवून द्यावी."

"मग सोडवा की कलाकृती. ती काय तिकडे आहे." त्यांनी पूर्णिमाच्या मोराकडे बोट दाखवलं.

मी इंद्रजीतकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. उत्तर दिलं ते ओवीने. "आजी, महाराज वर बसलेत. खालचा डबा कसा काढणार?"

हे 'आजी' मला मुळीच आवडत नाही, पण तो विषय वेगळा. मी म्हणाले, असा काढणार, आणि तटबंदीच्या खालच्या डब्याला हात घातला. मी सहज वर पाहिलं. महाराज माझ्याकडेच बघत होते. आता मूर्ती मातीची, पंधरा दिवसांपूर्वी बाजारातून आणलेली, हे मला कळत होतं. पण तीस वर्षं ज्यांच्या नावाने वर्गात आवाज चढवला, त्यांच्या पायाखालचा दगड मी काढायचा? माझा हात आपोआप मागे आला. खरं सांगायचं तर मला लाज वाटली.

मग महाराजांना आधी खाली उतरवू या, असं कुणीतरी म्हणालं. "गादीवरून उतरवायचं?" तात्याराव एवढंच म्हणाले. तो विषय तिथेच संपला.

शेवटी टेंपोत गेला तो एकटा मोर. कंडेन्स्ड मिल्कचे अकरा डबे. पूर्णिमा रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, "नियम पाळला की हे असं होतं." सीतारामने टेंपोत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, एवढं तर रिक्षात पण गेलं असतं."

तेवढ्यात शर्मिलाचा फोन आला.

"बाई, निघाला का टेंपो? मुलं सकाळपासून फाटकावर उभी आहेत. खोलीत जा म्हटलं तर जात नाहीत."

"निघालाच," मी म्हणाले. फोन ठेवला. त्या मंडळाची पाकिटं एव्हाना भलतीकडे वाटूनही झाली असणार. बाईंनी शब्द दिला म्हणून शर्मिलाने ती सोडली होती. आणि इथे अडीचशे डबे समोर असून एकाला हात लावायची सोय नव्हती.

पण घाबरेल ती इतिहासाची बाई कसली! मी तहाची बोलणी सुरू केली.

"ओवी, इकडे ये. पुरंदरचा तह झालाय ना शाळेत?"

"हो, चौथीत."

"मग? महाराजांनीसुद्धा वेळप्रसंग पाहून किल्ले दिलेच ना?"

"तेवीस दिले, बारा ठेवले," ओवी म्हणाली. "आणि नंतर परत घेतले. तुम्ही डबे परत आणून देणार?"

"मुलगी तयार आहे," तात्याराव कौतुकाने म्हणाले.

गल्लीत टेंपोच्या मागे सहा स्कूटर आणि एक पाण्याचा टँकर अडकला होता आणि सगळे मिळून हॉर्न वाजवत होते. दिगंबर चहाचा कप घेऊन खाली आले. त्यांनी एकूण परिस्थिती पाहिली.

"शर्मिलाला काय कळवणार? वेढा पडलाय म्हणून?"

मी त्यांना काहीतरी लागट बोलणार होते, एवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी वर्गातला आवाज काढला.

"इंद्रजीत, महाराज राजगड सोडून रायगडावर गेले, त्याला काय म्हणतात?"

इंद्रजीत सरळ उभा राहिला. "राजधानी हलवली, काकू."

"कुणी हलवली?"

"स्वतः महाराजांनी."

"राजगड कुणी जिंकला का तेव्हा? कुणाचा अपमान झाला?"

"नाही."

"मग ऐका. आज आपली राजधानी बिबवेवाडीला हलते आहे. महाराजांना कुणीही उतरवत नाही. महाराज निघाले आहेत."

पार्किंगमध्ये एकदम चैतन्य आलं. तात्यारावांनी वर जाऊन फेटा बांधला. ओवीने मात्र एक अट घातली. तिथे गड इथल्यासारखाच उभा राहिला पाहिजे, एक डबासुद्धा इकडचा तिकडे होता कामा नये. मी म्हटलं, कबूल. एकदा डबे तिथे पोचले की मुलं खातीलच, तेव्हा आत्ता वाद कशाला घाला? इंद्रजीतने सोसायटीची मीटिंग आहे असं ऑफिसला कळवून सुट्टी टाकली, सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि खडूने प्रत्येक डब्यावर नंबर घातले.

मग निघाली आमची मिरवणूक. पुढे तात्यारावांची गाडी, त्यांच्या मांडीवर रायगडावरचे महाराज, दोघांना मिळून एक सीटबेल्ट. मागे रिक्षांतून बाकीच्या पाच गडांवरचे महाराज, शेवटी सगळे डबे भरलेला सीतारामचा टेंपो. तात्याराव वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला थांबले. महाराजांसमोर नियम मोडायची त्यांची हिंमत झाली नसावी.

वसतिगृहाच्या फाटकावर खरोखरच सगळी मुलं उभी होती. मला वाटलं होतं, डब्यांवरची चित्रं बघून त्यांच्या तोंडाला पाणी सुटेल. त्यांनी चित्रांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती महाराजांकडे बघत होती. पाचच मिनिटांत मुलांची रांग लागली, डबे हातोहात आत गेले आणि इंद्रजीत आकडे ओरडू लागला. दिवेलागणीपर्यंत अंगणात सहाच्या सहा गड उभे राहिले. सहांना जोडणारी एक तटबंदी मुलांनी पूर्णिमाच्या मोरातून आपली आपण काढली.

एका लहानशा मुलीने माझा पदर ओढून विचारलं, "हा किल्ला कुणाचाय?"

"तुमचा," मी म्हणाले. "आजपासून तुमचाच."

ती पळत जाऊन बाकीच्यांना सांगून आली. शर्मिला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, आमच्याकडे किल्ला कधी झालाच नव्हता. यांच्या घरी तरी कुठे होतो? दिवाळीला आईबाप फडात." घरी येताना रिक्षात मी मनातल्या मनात पुढच्या वर्षीची स्पर्धासुद्धा आखून टाकली.

"बघितलंत?" मी दिगंबरांना म्हणाले. "म्हटलं होतं की नाही?"

"मुलांनी काय काय खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"उद्या खातील. पहिली अंघोळ उद्या आहे."

दुसऱ्या दिवशी उटणं लावून, अंघोळ करून मी फोनची वाटच बघत बसले होते. आभाराचा फोन कसा घ्यायचा हे मला चांगलं माहीत आहे. फार खूश दिसायचं नाही. बरोबर फराळाच्या वेळेला तो आला.

"बाई, तुम्ही शब्द पाळलात," शर्मिला म्हणाली.

"अगं, त्यात काय एवढं. मुलांना रसगुल्ले आवडले का?"

शर्मिलाने आवाज खाली आणला.

"बाई, डबा काढूच देत नाहीत. रात्रीपासून पहारा लावलाय. मी पहाटे एक आमरसाचा डबा उचलायला गेले, तर मला फितूर म्हणाली."

"फितूर? तुला?"

"हो. आणि तुम्हीच त्यांना सांगितलंत म्हणे, किल्ला तुमचा म्हणून."

माझ्या समोर बसलेल्या दिगंबरांच्या पेपरच्या वरच्या कडा थरथरत होत्या. ते हसत होते.

"मग सणाचं खाल्लं काय मुलांनी?" मी शेवटी विचारलं.

"पिठलं-भाकरी. गडावर तेच खातात म्हणाली. कालही तेच, आजही तेच. अशी मजेत आहेत बाई, काय सांगू! रडणारी दोघं होती, तीही बुरुजावर बसून जेवतायत. फक्त आमचं बेसन संपलंय. तेवढं पाठवता का?"

"पाठवते की," मी म्हणाले. "आत्ता पाठवते."

"पण पिशवीतून पाठवा हं, बाई. डबा दिसला की ही मुलं बुरूज वाढवतात."